तीनशे बारा प्रती

पटवर्धन सरांनी गठ्ठ्यांवरची धूळ
स्वतःच्या रुमालाने पुसली, हे खरं.
म्हणाले, ओव्हाळ बाई, गोदामाचं भाडं वाढलंय.
म्हणाले, चांगलं पुस्तक आपोआप वाचकापर्यंत पोचतं.
तीन वर्षांत, शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात,
ते आपोआप
माळ्यावरून खालच्या फळीवर
एवढंच आलं होतं.

सहा गठ्ठे.
चार सीटवर, दोन माझ्या पायांत,
गुडघे हनुवटीपाशी.
एका गठ्ठ्याची सुतळी
मुखपृष्ठावरच्या बाईच्या गळ्यात रुतलेली.

रिक्षावाल्याचं नाव पाटीवर होतं, अंकुश ढमढेरे.
टिळक रोडला आरशातून त्यांनी विचारलं,
वह्या का?
पुस्तकं.
कुणाची?
आणि मी, टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं
अख्ख्या पुण्याची तक्रार ऐकून
अख्ख्या पुण्याला उलट बोललेली मी,
म्हणाले,
आहेत एक बाई. ओळखीच्या.

आमच्याकडे स्वतःचं नाव स्वतः घेणं
म्हणजे पंगतीत वाढप्याला हाक मारून लाडू मागणं.
मागायचा नसतो.
पानाकडे बघत बसायचं.
वाढपी पुढे निघून जातो.
मग म्हणायचं, मला मेलं गोड आवडतच नाही.

अलका चौकात सिग्नल लागला.
लिहिलंय काय पण बाईंनी?
म्हटलं, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एक बाई कामाला होती.
आत धातू चालायचा नाही.
रोज गेटवर मंगळसूत्र काढून पिशवीत ठेवायचं,
पिशवीवर टोकन नंबर.
एक दिवस पिशव्यांची अदलाबदल झाली,
ती दुसरीचंच घालून घरी गेली.
आठ दिवस नवऱ्याच्या लक्षात आलं नाही.

सिग्नल सुटला. रिक्षा हलली नाही.
मागून हॉर्न, एक शिवी, पुन्हा हॉर्न.
ढमढेरे पूर्ण मागे वळून बसलेले.
नवव्या दिवशी?

नवव्या दिवशीचं पुस्तकात आहे, मी म्हटलं.
आणि माझ्याच तोंडून हे निघाल्यावर
मला घाम फुटला.

लकडी पूल ओलांडेपर्यंत ते गप्प होते.
मग म्हणाले, त्या बाईंना सांगा,
मी स्टँडवर नुसता उभा राहिलो तर
चहाचेसुद्धा सुटत नाहीत.
ओरडावं लागतं. कोथरूऽड, कोथरूऽड.
कोथरूड काय माझ्या बापाचं आहे?

हसले मी. मग हसू राहिलं नाही.
आई आठवली, गेटवर पिशवी घेताना.
एकवीस वर्षं तिने तिथे
दोनशे सत्तेचाळीस एवढंच सांगितलं.
नाव कुणी विचारलं नाही,
आणि तिनेही आपण होऊन कधी सांगितलं नाही.
ते मी पहिल्या पानावर छापलं
आणि माळ्यावर ठेवू दिलं.

कर्वेनगर. मीटर एकशे बेचाळीस.
पुस्तक केवढ्याला?
दोनशे.
मग वरचे अठ्ठावन्न मीच देतो,
पण त्या बाईंची सही मिळेल का? मुलीला दाखवायला.

मी पेन शोधत राहिले.
पर्समध्ये होतं, हाताला लागत होतं,
तरी शोधत राहिले.
मग गठ्ठ्यावर पुस्तक टेकवून लिहिलं,
प्रमिला ओव्हाळ. तारीख.
ढमढेरेंनी सहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि काहीही न बोलता
चार गठ्ठे लिफ्टपाशी आणून ठेवले.

लिफ्ट बंद होती.
दुसऱ्या मजल्यावर मी पहिला गठ्ठा टेकवला, कंबर धरून.
चितळकर वहिनींनी दार किलकिलं केलं.
त्यांनी अजून काही विचारलेलं नव्हतं.
मी म्हटलं,
वहिनी, खडकीच्या कारखान्यात एक बाई होती.